कानस उचलायच्या आधी: गिटारचे फ्रेट स्वतः लेव्हल करणं आणि बदलणं

हे काम मी हौसेने शिकलो नाही, स्वतःच करून ठेवलेल्या घोळामुळे शिकलो. फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. माझ्या इलेक्ट्रिक गिटारवर तेरावा फ्रेट दाबला की तार चौदाव्यावर घासून बर्र आवाज यायचा, म्हटलं चौदावा उंच आहे, घेतली कानस आणि दिला घासून, आवाज गेला, मी खूष. आठवड्याभराने परत बर्र. परत घासला. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर सहज म्हणून त्या फ्रेटचं टोक नखाने दाबून बघितलं तर ते खाली गेलं आणि सोडल्यावर वर आलं. म्हणजे फ्रेट उंच नव्हताच, सुटा होता, खाचेतून एका बाजूने उठलेला, कानशीखाली दबायचा आणि कानस पुढे सरकली की परत डोकं वर काढायचा. शेवटी ग्लू सोडून नीट बसवला तर तीनदा घासून तो इतका बुटका झालेला की बाकीचे २१ त्याच्या पातळीला आणायचे म्हणजे सगळ्यांचीच वाट. सगळे फ्रेट बदलावे लागले.

तेव्हा कळलं ते हे की फ्रेटची उंची त्याच्या स्वतःकडे फार नसते, खालचं लाकूड जसं असेल आणि तो त्यात जसा बसला असेल तसा तो दिसतो. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात तपासायचं जास्त आणि घासायचं कमी आहे. कंटाळा येईल, पण तेच काम आहे.

पहिला प्रयोग आवडत्या गिटारवर करू नका हे सांगायला नको. एखादी पडीक, स्क्रूने जोडलेल्या नेकची (नेक म्हणजे तो लांब दांडा) इलेक्ट्रिक गिटार बघा, चार स्क्रू काढले की नेक सुटा हातात येतो, टेबलावर हवा तसा फिरवता येतो. फ्रेटबोर्ड, म्हणजे ज्या लाकडी पट्टीत फ्रेट बसतात ती, रोझवूडचा किंवा तसल्याच फिनिश न मारलेल्या लाकडाचा असावा. मेपलच्या फ्रेटबोर्डवर लॅकरचा थर असतो, फ्रेट उपटताना तो टवके धरून निघतो आणि नंतर बोर्ड घासला तर परत स्प्रे मारावा लागतो, ते पहिल्या खेपेला नकोच.

लेव्हल पुरेल की बदलायलाच लागतील

लेव्हल करणं म्हणजे सगळे फ्रेट घासून एका उंचीला आणणं. बझ, म्हणजे तो बर्र आवाज, येतोय म्हणजे फ्रेट खराब असं नसतं, हे पहिलं. नेक फार सरळ झाला असेल, नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात ती पट्टी) खाच खोल गेली असेल, ब्रिजवरचे सॅडल (बॉडीकडे तारा ज्यावर टेकतात ते तुकडे) खाली असतील तरी बझ येतो आणि या तिन्हीला कानस लागत नाही. मोकळी, म्हणजे कुठेही न दाबलेली तारच बझ करते पण पहिला फ्रेट दाबला की साफ वाजते, असं असेल तर आधी नटकडे बघा. पहिल्या पाच-सहा फ्रेटवरच बझ असेल तर बहुतेक नेकमधे पुरेशी कमान (तारांच्या ताणाने येणारा हलका बाक) नाही. एकाच ठराविक जागी असेल तर मात्र फ्रेटवर संशय घ्यायचा.

संशय खरा की खोटा ते फ्रेट रॉकरने कळतं. रॉकर म्हणजे सरळ कडांचा स्टीलचा छोटा तुकडा, प्रत्येक कडेची लांबी वेगळी, कारण फ्रेटमधलं अंतर वर जाताना कमी कमी होत जातं. तो एकावेळी तीनच फ्रेटवर ठेवायचा, डोलला तर मधला उंच. एखादं जुनं प्लॅस्टिक कार्ड कडा सरळ असतील तर सुरुवातीला चालून जातं, पण ते वाकतं म्हणून फार भरवसा नको. प्रत्येक तारेच्या रेषेवर प्रत्येक फ्रेट बघायचा, २२ फ्रेट गुणिले ६ तारा म्हणजे १३२ जागा, आणि जिथे डोललं तिथे टेपवर खूण करून ठेवायची.

आता माझ्यासारखी चूक करू नका. जिथे डोललं तिथे आधी लाकडाच्या काडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने फ्रेट दाबून धरा आणि दाबलेला असतानाच परत रॉकर लावा. डोलणं थांबलं तर फ्रेट सुटा आहे. हातोडीच्या दांड्याने हळू टकटक करूनही कळतं, बसलेला फ्रेट टणक वाजतो आणि सुटा पोकळ वाजतो, चार-पाच नेक वाजवल्यावर कानाला सवय होते. सुट्या फ्रेटला उपाय म्हणजे अगदी पातळ सुपरग्लू, बारीक नळीने फ्रेट आणि लाकडाच्या फटीत एक थेंब सोडायचा, तो आपोआप आत शोषला जातो, वरून गोलाई दिलेला लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्पने दाबायचं आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. बोर्डवर ग्लू सांडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी टेप लावा. कित्येकदा एवढ्यावरच काम संपतं आणि कानस ड्रॉवरमधून बाहेर पण येत नाही.

लेव्हल करायचं ठरलंच तर फ्रेटची उंची मोजा. नवीन फ्रेट प्रकारानुसार साधारण १ ते १.४ मिमी उंच असतो. लेव्हलिंगमधे तारांनी घासून फ्रेटवर पडलेला सगळ्यात खोल चर जेवढा असेल तेवढं सगळ्याच फ्रेटवरून जाणार. घासून झाल्यावर ०.७ मिमीच्या खाली उरणार असेल तर मी तरी लेव्हल करत नाही, बोट लाकडाला टेकायला लागतं, बेंड करताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) तार बोटाखालून निसटते, आणि पुढच्या वेळेला घासायला काही शिल्लकच राहत नाही. चर फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर असतील, जे ओपन कॉर्डवाल्यांचं (मोकळ्या तारा घेऊन नटजवळ कॉर्ड धरणाऱ्यांचं) नेहमीचं आहे, तर तेवढेच बदलून चालतं, फक्त नव्या फ्रेटची तार बाकीच्यांच्या रुंदीची आणि त्यांच्यापेक्षा किंचित उंच घ्यायची, म्हणजे मग खाली आणता येते.

काय काय लागेल

फार हत्यारं लागत नाहीत, पण जी लागतात ती सरळ असावी लागतात. एक खात्रीची सरळ पट्टी, निदान ४५ सेंमीची. अजून एक, जिला फ्रेटच्या जागी खाचा आहेत, ती खाली लाकडावर टेकते आणि फ्रेट सोडून लाकूड सरळ आहे का ते सांगते, या दोन पट्ट्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात हे लक्षात ठेवा. खाचा तुमच्या गिटारच्या स्केल लेंग्थला, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीला, जुळायला हव्यात, फेंडर कंपनीच्या गिटारची नेहमीची ६४८ मिमी आणि गिब्सनची सुमारे ६२८, एकीची पट्टी दुसरीला बसत नाही.

लेव्हल करायला अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपाचा ४० सेंमीचा तुकडा, त्याला खाली चिकटणारा पॉलिश पेपर. पाइप दिसतो सरळ पण असेलच असं नाही. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, पाइपाच्या तळाला मार्करने रेघोट्या मारा आणि काचेवर घासा, रेघोट्या सगळीकडून एकसारख्या गेल्या की तो सपाट. मधेच राहिल्या तर तिथे पोचा आहे, घासत रहा. या एका कामाला अर्धा दिवस गेला तरी चालेल.

बाकी मग क्राउनिंग कानस, म्हणजे जिच्या कडेला गोल खोबण असते ती, रेडियस ब्लॉक (बोर्डच्या गोलाईचा घासायचा ठोकळा), तिकोनी कानस जिच्या कडा घासून बोथट केल्यात म्हणजे लाकडाला चरे पडत नाहीत, सोल्डरिंग आयर्न, फीलर गेज (फट मोजायच्या ठराविक जाडीच्या पातळ पानांचा जुडगा), कॅलिपर, पितळी किंवा नायलॉनच्या तोंडाची हातोडी, मास्किंग टेप, १२० पासून २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर. आणि पक्कड, जिचं तोंड पुढून पूर्ण सपाट घासलेलं आहे. साध्या कटिंग पक्कडीला तोंडाशी उतार असतो, त्यामुळे ती फ्रेटच्या डोक्याखाली शिरतच नाही. ग्राइंडरवर स्वतः घासून घेता येते, फक्त मधेमधे पाण्यात बुडवून गार करा नाहीतर धारेचं पाणी उतरतं. डोळ्याला चष्मा आणि तोंडाला मास्क पण घ्या, रोझवूड आणि एबनीचा भुसा काही जणांना चांगलाच बाधतो.

फ्रेटच्या तारेबद्दल थोडं. गिटारवाले जिला निकेल सिल्व्हर म्हणतात तिच्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. शिकायला हीच बरी, वाकते, कापते, कानशीचं ऐकते. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट वर्षानुवर्षं झिजत नाहीत पण ती तार स्प्रिंगसारखी उलटते, पक्कडीच्या धारेला खाचा पाडते, आणि कानशी लवकर बोथट होतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या नेकला. तारेला तीन भाग असतात, वरचं गोल डोकं, खाली खाचेत जाणारी पात, आणि पातीला दोन्ही बाजूंनी असलेली बारीक कुसळं जी लाकडात रुतून बसतात. लोक डोक्याची रुंदी-उंची बघून तार घेतात, मी पातीची जाडी आधी बघतो. पात साधारण ०.५ मिमी आणि खाच ०.६ च्या आसपास असते. खाच ढिली असेल तर फ्रेट बसतो पण महिन्याभरात उठतो, आणि फार घट्ट असेल तर २२ पाचरी ठोकल्यासारखं होऊन अख्खा नेक उलट्या बाजूला पोक काढतो. नेकला दीड मीटर तार पुरते, पहिल्यांदा करताय तर दोन घ्या, वाया जाणारच.

जुने काढताना

तारा काढायच्या आधी गिटार ट्यून करून नेकची कमान किती आहे ते लिहून ठेवा, पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्यावर तारेखाली किती फट आहे ते फीलर गेजने बघायचं. मग तारा काढून, ट्रस रॉड (नेकच्या आतली, कमान कमी-जास्त करणारी सळई) फिरवून, खाचांची पट्टी लावून लाकूड सरळ करायचं. घड्याळाच्या दिशेने आवळलं की कमान कमी होते, सैल केलं की वाढते, एकावेळी पाव फेरा, जास्त नाही, आणि जड लागलं तर थांबा, जबरदस्ती नको.

फ्रेट काढताना गरम करा. आयर्नच्या टोकाला थोडं सोल्डर लावून फ्रेटवर टेकवलं की उष्णता चांगली जाते, १५-२० सेकंद, टोकापासून टोकापर्यंत फिरवत. खाली जुना ग्लू असेल तर मऊ पडतो आणि लाकूडही जरा नमतं, फ्रेटच्या कडेला पाण्याचं बोट फिरवलं तर वाफेने आणखी मदत होते. मग पक्कड एका टोकाला लावायची आणि ओढायचं नाही. हे परत लिहितो, ओढायचं नाही. नुसतं दाबायचं, पक्कडीचं तोंड पाचरीसारखं डोक्याखाली शिरतं आणि फ्रेट स्वतःच वर येतो, मग दोन-तीन मिमी पुढे सरकायचं, परत दाबायचं. घाई केली की कुसळांबरोबर लाकडाची ढलपी उडते. उडालीच तर ती शोधा, लगेच जागेवर ठेवा, पातळ ग्लूचा थेंब द्या आणि दाबून धरा, नव्या फ्रेटच्या डोक्याखाली ती झाकली जाते. माझ्या पहिल्या नेकला अशा नऊ उडाल्या, आज एकही दिसत नाही. ढलपी हरवली तर त्याच लाकडाचा भुसा आणि ग्लू भरायचा, तो पण चालतो पण रंग जरा काळपट पडतो.

गिटार जुनी असेल तर हात लावायच्या आधी थांबून बघा. जुन्या फेंडरच्या नेकमधे फ्रेट बाजूने सरकवून बसवलेले असायचे, ते सरळ वर उचलले तर बोर्डचे टवके निघतात, बाजूनेच ठोकून काढायचे. मार्टिन कंपनीने १९३४ पर्यंत तर डोकं नसलेली नुसती चपटी पट्टी वापरली. अशा गिटारी शिकायला नसतात.

लाकूड

आता उघडा बोर्ड समोर आहे, आणि जे पुढे सरळ हवंय ते इथेच सरळ करायचं. फ्रेट ठोकून मग कानशीने सगळं सारखं करू असा विचार येतो, कारण बोर्ड घासायला मजा येत नाही. पण बोर्डमधला ०.२ मिमीचा उंचवटा तुम्ही फ्रेट घासून काढलात तर तिथले फ्रेट कायमचे ०.२ ने कमी राहणार, आणि नव्या फ्रेटची उंचीच मुळात एक-सव्वा मिमी. म्हणजे नवीन फ्रेटच्या आयुष्याचा मोठा हिस्सा पहिल्याच दिवशी भुशात गेला.

बोर्डची गोलाई, म्हणजे तिची त्रिज्या, आधी मोजा. जुन्या पद्धतीच्या फेंडरला १८४ मिमी म्हणजे सव्वासात इंच, हल्लीच्या फेंडरला बहुतेक साडेनऊ, गिब्सनला १२ इंच, असं साधारण असतं, क्लासिकल गिटारचा बोर्ड सपाटच. काही नेकवर नटकडे जास्त गोल आणि शेवटाकडे चपटा असतो, तिथे एका मापाचा रेडियस ब्लॉक लावायचा नाही, सरळ लांब पाइप तारांच्या रेषेत चालवायचा. बोर्डवर पेन्सिलीने नागमोडी रेघा मारा, ब्लॉकला आधी १८० चा कागद लावून नेकच्या पूर्ण लांबीत हलक्या हाताने चालवा, जिथल्या रेघा आधी पुसल्या जातात ते उंचवटे. सगळ्या गेल्या की परत पट्टी लावा, मग २२०, ३२०, ४००. पेपर फक्त नेकच्या लांबीत, आडवा नाही. खुणेचे शिंपल्याचे ठिपके पातळ असतात, जास्त घासलं तर तेही जातील, त्यामुळे रेघा गेल्यावर हौसेने पुढे घासत बसू नका. आणि नेक पिळवटलेला असेल, म्हणजे शेवटाकडून डोळा लावून बघितल्यावर नटची रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ समांतर दिसत नसेल, तर थोडाच पीळ घासून निघतो, बाकीचा निघत नाही.

मग खाचा. जुना ग्लू आणि भुसा बारीक पात्याने खरवडून काढायचा, बोर्ड घासल्याने खाच उथळ झाली असेल तर पातळ करवतीने परत खोल करायची, पातीपेक्षा अर्धा मिमी जास्त खोल पुरे. खोली दोन्ही टोकांना नक्की बघा, गोल बोर्डवर मधे खोल आणि कडेला उथळ होते, आणि मग फ्रेटची टोकं बसत नाहीत आणि आपण हातोडीला दोष देतो. शेवटी तिकोनी कानशीने खाचेच्या वरच्या कडा अगदी एक-दोन हात मारून मोडून घ्या, फ्रेट सरळ शिरतो आणि पुढे कधी काढायचा झाला तर ढलपी उडत नाही.

नवीन बसवणं

फ्रेटची तार बोर्डपेक्षा थोडी जास्त गोल वाकवायची. १२ इंचाच्या बोर्डला १० इंचाचा बाक, म्हणजे खाचेवर ठेवल्यावर दोन टोकं टेकतात आणि मधे किंचित फट राहते. मधे ठोकल्यावर टोकं बाहेरच्या बाजूला पसरून लाकडात रुततात. बाक कमी असेल तर नेमकी टोकं उठतात, आणि उठलेली टोकं म्हणजे माझा तो चौदावा फ्रेट. प्रत्येक तुकडा दोन्हीकडून तीन-चार मिमी जास्त ठेवून कापा आणि नंबर लिहिलेल्या ठोकळ्यात भोकं पाडून क्रमाने उभे करून ठेवा, टेबलावर मोकळे ठेवले की बारावा आणि चौदावा कुठला ते कळत नाही.

ठोकताना नेकखाली बरोबर त्याच फ्रेटच्या खाली भक्कम आधार हवा, वाळूची छोटी पिशवी मस्त काम करते. आधार नसेल तर हातोडीचा मार नेक उसळण्यात जातो. आधी एक टोक, मग दुसरं, मग मधे, मग परत टोकांकडे, छोटे छोटे ठोके. आवाज ऐका, फ्रेट बसत असताना टप टप येतो आणि बसला की टक्क होतो, तिथे थांबा. टक्क झाल्यावरही ठोकत राहिलात तर मधे दबून टोकं वर येतात, मग ती दाबायला परत ठोका, असं ते चक्र संपत नाही. प्रत्येक फ्रेट झाला की ०.०५ मिमीचं फीलर पान डोक्याखाली जातं का बघा, मागे बॅटरी धरली तर उजेड पण दिसतो. जात असेल तर आत्ताच क्लॅम्प आणि ठोकळ्याने दाबा, नंतर बघू म्हणू नका. अकूस्टिक गिटारवर बॉडीच्या वरचे फ्रेट हातोडीने ठोकायचे असतील तर आतून वजन धरायला कोणीतरी हवं, नाहीतर तिथे दाबून बसवायचं साधन वापरा, वरची फळी पातळ असते.

ग्लू लावायचा का यावर लोक भांडतात. माझं मत, खाच घट्ट असेल तर गरज नाही, थोडी ढिली असेल तर सरळ लावा. आठ-दहा फ्रेट झाले की पट्टी लावून नेक पोक काढतोय का ते बघा, काढत असेल तर ट्रस रॉड सैल करा, तरी राहिलं तर उरलेल्या खाचा केसभर रुंद करा.

सगळे बसले की बाहेर आलेली टोकं पक्कडीने कापायची, फ्रेटवर दुसऱ्या हाताचं बोट ठेवून, पक्कड वर न उचलता. मग लांब कानशीने बोर्डच्या कडेशी सपाट, आणि मग ती कानस तिरकी, ३५ अंशाच्या आसपास, दोन्ही बाजूंना. जास्त तिरकं केलं तर पहिली आणि सहावी तार फ्रेटवरून घसरून खाली पडते, तेवढंच भान ठेवा.

लेव्हलिंग

गंमत म्हणजे ज्या कामाच्या नावाने सगळे सुरुवात करतात ते इथे अर्ध्या तासाचं राहतं, खालचं नीट झालं असेल तर. फ्रेटच्या माथ्यावर मार्कर फिरवा, बोर्डला टेप लावा, पट्टीने नेक सरळ आहे याची परत खात्री करा, पाइपाला ४०० चा कागद चिकटवा आणि पूर्ण लांबीत मागे-पुढे चालवा. हाताचा जोर नको, पाइपाचं वजन पुरे, हात फक्त दिशा द्यायला. तारा नटकडे जवळ आणि ब्रिजकडे लांब असतात त्याच पंख्याच्या रेषांनी जायचं, म्हणजे गोलाई बिघडत नाही. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावरचा मार्कर कुठेतरी पुसला गेला की बस, सगळा मार्कर जाईपर्यंत घासायचं नाही.

यात एखादा फ्रेट बाकीच्यांच्या आधी भरपूर खाल्ला जात असेल तर हात थांबवा. नव्या फ्रेटमधे एखादाच इतका उंच असायला कारण नसतं, तो बसलेला नाही. टोक दाबून बघा. आणि शेजारच्यांपेक्षा एकच फ्रेट अजिबात लागत नसेल तर तो जास्त ठोकला गेलाय किंवा त्याच्याखाली बोर्डला खड्डा आहे, त्याच्यासाठी बाकी २१ खाली आणण्यापेक्षा तो एक काढून परत बसवणं परवडतं.

बाराव्याच्या पुढचे शेवटचे फ्रेट थोडे उतरते हवेत कारण नेक जिथे बॉडीला जोडतो तिथून पुढचा भाग बऱ्याचदा वर उचलला जातो. अकराव्या फ्रेटवर मास्किंग टेपचे दोन थर लावा, पाइपाचं पुढचं टोक त्यावर टेकवा आणि मागच्या टोकाने शेवटच्या सात-आठ फ्रेटवर थोडे हात मारा, टेपच्या जाडीएवढा उतार आपोआप येतो.

घासल्यावर फ्रेटचे माथे चपटे झालेले असतात. तसेच सोडले तर तार मधोमध न टेकता चपट्या भागाच्या पुढच्या कडेला टेकते, सूर थोडा चढतो आणि कधीकधी सतारीसारखी झिणझिण येते, सतारीत ती हवी असते म्हणून ब्रिज घासून मुद्दाम जवारी आणतात, गिटारला नको. माथ्यावर परत मार्कर लावा आणि क्राउनिंग कानशीने दोन्ही कडा उतरवत आणा, मधे केसाएवढी काळी रेघ शिल्लक राहीपर्यंत. ती रेघ पुसली गेली की तुम्ही लेव्हल केलेला माथाच खाली नेलात. इथे मी दर फ्रेटला चहा प्यायला उठतो म्हटलं तरी चालेल, डोळे थकले की रेघ जाते.

मग टोकांचे कोपरे तिकोनी कानशीने गोल करा, अंगठा नेकच्या कडेने वर-खाली फिरवून कुठे टोचतंय ते बघत. पॉलिश ४००, ६००, ८००, १०००, २००० असं चढत, आणि शेवटचे हात फ्रेटच्या लांबीत म्हणजे नेकला आडवे मारा, कारण बेंड करताना तार त्याच दिशेने सरकते, उलट दिशेचे ओरखडे राहिले तर खरखर जाणवते. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअपवर (तारांखालचे आवाज पकडणारे चुंबक) टेप लावा, लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

तारा लावल्यावर

इथे बरेच जण दचकतात, एवढं करून मोकळ्या तारा बझ करतात. कारण नवीन फ्रेट जुन्यापेक्षा उंच आहेत आणि नट तोच आहे, त्याच्या खाचा आता खोल ठरतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, अगदी कागदाएवढी फट दिसायला हवी. टेकलेली असेल तर नटखाली पातळ पत्ती घाला किंवा नवीन नट करा. म्हणून फ्रेट बदलताना नट पण बदलायचा आहे असंच धरून चाला.

कमान ०.२ ते ०.२५ मिमी, बाराव्या फ्रेटवर पहिली तार दीड मिमी आणि सहावी दोन मिमी अशी सुरुवात करा, मग तुमच्या हाताप्रमाणे. लाइट तारांच्या इलेक्ट्रिक सेटचा एकूण ताण ४५ किलोच्या आसपास असतो, सरळ करून ठेवलेल्या नेकला त्याची सवय व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या दिवशीचं सेटिंग शेवटचं नाही. तीन-चार दिवसांनी ट्यून करून परत फीलर लावा, पाव फेरा लागेल कदाचित. आणि त्याच वेळी सगळ्या फ्रेटची टोकं एकदा नखाने दाबून बघा, विशेषतः चौदाव्याची. मी अजूनही तिथूनच सुरू करतो.